लाकूड पाण्यात उतरण्यापूर्वी : घरगुती ॲक्वेरियमसाठी ड्रिफ्टवुडची तयारी

घरातल्या फिशटँकमध्ये ठेवायचे ड्रिफ्टवुड म्हणजे साल गळून गेलेले, आतला रस आटलेले, पाण्याने आणि मातीने झिजवून फक्त घट्ट भाग मागे ठेवलेले लाकूड. पुरात वाहून आलेली फांदी, ओढ्याकाठी उघडे पडलेले मूळ, दलदलीत वर्षानुवर्षे रुतलेला बुंधा ही त्याची निसर्गातली रूपे. दुकानात मिळणारे बरेचसे लाकूड मात्र कधी वाहत आलेले नसते. कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत जुनी झुडपे काढल्यावर निघालेली खोडे आणि मुळे साफ करून ‘कॉफी वुड’ म्हणून विकली जातात. बारीक, वेड्यावाकड्या फाट्यांचे ‘स्पायडर वुड’ अझेलियाच्या कुळातल्या झुडपांच्या मुळांपासून मिळते. गडद आणि फिकट अशा दोन रंगांचे मोपानी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या कोरड्या रानांतून येते, तर ‘मलेशियन’ या नावाने खपणारे काळपट, जड लाकूड आग्नेय आशियातले असते. यांतले काही पहिल्याच दिवशी बुडते, काही महिनाभर तरंगत राहते. काही पाण्याला गडद रंग देते, काही जवळजवळ देत नाही.

या सगळ्या फरकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लाकूड सच्छिद्र असते. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांमधून पाणी चढते, त्या नळ्या झाड मेल्यावरही तशाच राहतात. लाकूड ज्या पाण्यात भिजले, ज्या चिखलात रुतले किंवा ज्या गोदामात पडून राहिले, तिथले बरेच काही या नळ्यांत मुरते. टाकीत गेल्यावर हा प्रवास उलट्या दिशेने सुरू होतो आणि आत मुरलेले हळूहळू बाहेर येऊ लागते. नदीत ते वाहून जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते, आणि तिथे त्याला जायला दुसरी जागा नसते. त्यामुळे तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग घासण्या-उकळण्याच्या आधी, लाकूड निवडतानाच पार पडतो. चुकीचे लाकूड कितीही उकळले तरी योग्य होत नाही.

टाकीत लाकूड ठेवण्याचे पहिले कारण मासे स्वतःच दाखवून देतात. मोकळ्या, उजळ टाकीत कोपऱ्यात गोळा होऊन राहणारे मासे लाकडाचा आडोसा मिळाला की पुढे येऊन फिरू लागतात. एंजल किंवा इतर सिक्लिड माशांमध्ये जागेवरून भांडणे होतात; लाकडाने टाकीचे दोन-तीन भाग पडले की दुबळ्या माशाला नजरेआड होता येते. लाकडाच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा पातळ थर वाढतो. कोळंब्या, गोगलगायी आणि तळाशी राहणारे मासे तो दिवसभर खरवडत असतात. दुकानांत ‘सकर’ म्हणून मिळणाऱ्या माशांच्या कुळातले पनाके जातीचे मासे तर खुद्द लाकूडच कुरतडतात. तरी लाकडातले सेल्युलोज त्यांना फारसे पचत नाही. त्यांचे पोषण होते ते लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सुट्या केलेल्या पदार्थांवर. सामान्य सकर मासा दुकानात बोटभर दिसतो आणि पुढे फूटभराहून मोठा होतो, हे लाकूड आणि टाकी या दोन्हींचे माप ठरवताना लक्षात ठेवावे लागते.

दुसरे कारण वनस्पतींचे. अनुबियास, जावा फर्न, ब्यूसेफलँड्रा या वनस्पतींचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. त्यांना लाकडावर बांधून ठेवावे लागते. सुती दोऱ्याने किंवा सायनोॲक्रिलेट प्रकारच्या घट्ट गोंदाने चिकटवल्यावर काही आठवड्यांत त्यांची मुळे लाकडाला धरतात. जावा मॉस तर कोणत्याही खरबरीत फांदीवर पसरते.

तिसरे कारण सौंदर्याचे, आणि त्याला अलीकडचा इतिहास आहे. जपानचे छायाचित्रकार ताकाशी आमानो (1954–2015) यांनी 1982 मध्ये ‘एडीए’ ही संस्था काढली आणि टाकीत जंगलाचा, डोंगरउताराचा भास उभा करण्याची शैली जगभर पोहोचवली. लिस्बनच्या ओशनारियममध्ये त्यांनी 2015 मध्ये उभारलेली ‘फॉरेस्ट्स अंडरवॉटर’ ही 40 मीटर लांबीची टाकी लाकूड, दगड आणि वनस्पती यांवरच रचली होती. त्यांच्या रचनांमध्ये लाकूड हा चित्राचा सांगाडा असतो. मुंबईत 1951 मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने काचेमागचे मासे पाहण्याची आवड पिढ्यान्‌पिढ्या लावली. घरातल्या टाकीला डोंगरझऱ्याचे रूप देण्याची आवड त्यामानाने नवी आहे. नवी मुंबईतल्या वाशी, नेरूळ, खारघर यांसारख्या ठिकाणच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाकीतही आज ती पूर्ण करता येते.

लाकूड पाण्याला काय देते, हे समजून घेतल्याशिवाय तयारीचा अर्थ लागत नाही. लाकडातून टॅनिन आणि ह्युमिक आम्ले सुटतात. पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ निग्रो ही नदी अशा गडद पाण्याची सर्वांत प्रसिद्ध जागा. कार्डिनल टेट्रा तिथलाच. निऑन, डिस्कस, एंजल, फायटर, गुरामी हे मासे मृदू आणि किंचित आम्ल पाण्यात खुलतात. मॉली, गप्पी आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड यांना मात्र कठीण, अल्कधर्मी पाणी हवे असते. अशा माशांच्या टाकीत रंग सोडणारे मोठे लाकूड ठेवण्यात शहाणपण नाही.

लाकडाने पाण्याचा पीएच किती खाली येईल, हे त्या पाण्याच्या कार्बोनेट कठीणपणावर, म्हणजे टेस्ट किटवर ‘केएच’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या आकड्यावर ठरते. केएच जास्त असेल तर पाणी आम्ल पचवते आणि पीएच जागचा हलत नाही. केएच तीन-चार अंशांच्या खाली असेल तर थोड्या टॅनिननेही पीएच घसरू लागतो. नवी मुंबईत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. महापालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून येते आणि भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते. सिडकोच्या उलवे, द्रोणागिरी या भागांना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचा आधार आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत आलेले पावसाचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातल्या पाण्यापेक्षा बरेच मृदू असते. अशा पाण्यात नव्या लाकडाचा परिणाम लवकर आणि ठळक दिसतो. त्याच शहरात एखाद्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी एकत्र होते. बोअरचे पाणी जास्त कठीण असू शकते आणि मग तेच लाकूड महिनाभर ठेवूनही पीएच तसाच राहतो. शेजारच्या इमारतीतल्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा लाकूड घालण्याआधी स्वतःच्या नळाचा केएच एकदा मोजणे आणि पावसाळ्यात पुन्हा मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे.

आता लाकूड आणायचे कुठून, हा प्रश्न. नवी मुंबईच्या नकाशाकडे पाहिले तर उत्तर सोपे वाटते. पश्चिमेला ठाणे खाडी, दक्षिणेला पनवेल खाडी, आणि प्रत्येक उधाणानंतर कांदळवनाच्या कडेला अडकलेली लाकडे. दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला असो की वाशीच्या किनाऱ्याला, हे लाकूड सुंदर झिजलेले असते आणि फुकट दिसते. तरीही ते घरी आणू नये. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि त्यांतली काही एकट्यानेच पुरेशी आहेत.

खाडीचे लाकूड मिठाने भरलेले असते. हा दोष आठवडे लावून गोड पाण्यात भिजवल्यास बराच दूर होतो. दुसरा दोष तसा जात नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायने, रंग आणि औषधे बनवणारे कारखाने अनेक दशके उभे आहेत. शहरांचे सांडपाणीही खाडीलाच मिळत आले आहे. खाडीचा चिखल धातूंचे अंश धरून ठेवतो आणि त्यात रुतलेले लाकूड त्या चिखलाचे पाणी पीत असते. उकळण्याने बुरशी, किडे आणि बरेचसे जिवाणू मरतात. लाकडात मुरलेले जड धातू आणि तेल मात्र उकळून निघून जात नाहीत. तांब्याचे अगदी थोडे प्रमाणही कोळंब्या आणि गोगलगायींना मारू शकते. शिवाय खाडीच्या लाकडावर कालवे आणि बार्नेकल यांची कवचे घट्ट बसलेली असतात. ती चुन्याची असल्याने पाण्याचा कठीणपणा वाढवत राहतात. होड्यांच्या लाकडाला भोके पाडणारा, शिंपल्यांच्या वर्गातला टेरेडो हा जीव आतून लाकूड पोखरतो. त्याच्या बोगद्यांत मेलेले अवशेष राहतात आणि टाकीत गेल्यावर कुजतात. गणेशोत्सव आणि नवरात्रानंतर वाहून येणारे रंगवलेले पाट, प्लायवूड आणि मखरांचे तुकडे तर अजिबात विचारात घेऊ नयेत.

कायदाही इथे स्पष्ट आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे आठवे प्रकरण वाहून आलेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या लाकडाविषयीच आहे. त्यातल्या कलम 45 नुसार वाहत आलेले, किनाऱ्याला लागलेले किंवा बुडालेले लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारची मालमत्ता मानले जाते. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि पुढे 2018 च्या निकालाने संरक्षण दिले. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. अभयारण्यातून वनोपज बाहेर नेण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई केली आहे. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यातल्या पडलेल्या फांदीलाही हेच लागू होते. या नियमांमागे जिवंत कारण आहे. कांदळवनात पडलेला ओंडका खेकड्यांचे घर असतो, निवटीचा आडोसा असतो आणि चिखल धरून ठेवतो. एका घरातल्या टाकीसाठी तो हलवणे हा तिथल्या जिवांवरचा अन्याय आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हे सगळे जग पाहायला मिळते, आणि खाडीकाठच्या लाकडाकडे हात जाण्याआधी ते पाहणे चांगले.

बांधकामाच्या आणि भंगाराच्या लाकडाचाही मोह होतो, कारण ते सगळीकडे पडलेले असते. शटरिंगच्या फळ्यांना सिमेंट चिकटू नये म्हणून तेल लावलेले असते. प्लायवूडमध्ये गोंद असतो. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूड वरून ओळखू येत नाही आणि त्यातले कीटकनाशक माशांना थेट मारक असते. न्हावाशेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात लाकडी पॅलेट मुबलक दिसतात. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. ‘एचटी’चा शिक्का असला तरी त्यावर प्रवासात काय सांडले, हे कळायला मार्ग नाही, आणि बहुतेक पॅलेट पाइनसारख्या राळ असलेल्या मऊ लाकडाचे असतात. टाकीच्या दृष्टीने ते निरुपयोगीच.

मग उरतात दोन वाटा. पहिली, ओळखीच्या बागेतले मेलेले झाड. पनवेल, कर्जत, अलिबाग या भागांत ज्यांच्या नातेवाइकांच्या वाड्या आहेत, त्यांना पेरूचे किंवा चिकूचे वाळलेले खोड मिळू शकते. पेरूचे लाकूड घट्ट असते, त्याच्या फाट्या वळणदार असतात आणि साल सहज निघते. मात्र ते झाड स्वतःहून मरून निदान दोन-तीन उन्हाळे वाळलेले असावे आणि बागेत अलीकडे औषधफवारणी झालेली नसावी. ताज्या तोडलेल्या हिरव्या फांदीत साखर आणि रस असतो. ती पाण्यात कुजते आणि पाणी नासवते.

झाडाची जात इथे निर्णायक ठरते. सह्याद्रीतले आदिवासी डोहांत मासे गुंगवून पकडण्यासाठी काही झाडांचा उपयोग पूर्वापार करत आले आहेत. रामेठ्याची साल आणि गेळाची फळे ही त्यांतली ठळक उदाहरणे. करंजाच्या बिया आणि साल यांचाही असा वापर होतो. जे झाड डोहातले मासे गुंगवते, ते 56 लिटर पाण्यात काय करेल हे सांगायला नको, आणि तरीही रानातून उचललेल्या फांदीची जात विचारणारे थोडेच. कण्हेर, पिवळी कण्हेर, चीक गळणारे शेर-निवडुंग, गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब, नीलगिरी आणि राळ असणारी सगळी झाडे टाळावीत. कांदळवनातल्या एक्सोएकारिया अगालोचा या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर माणसाची दृष्टीही जाऊ शकते. ज्या लाकडाचे झाड ओळखता येत नाही, ते वापरू नये. याला अपवाद करण्यासारखे एकही सुंदर मूळ नाही.

दुसरी वाट दुकानाची. नव्याने टाकी मांडणाऱ्यासाठी तीच अधिक सुरक्षित. विकत घेताना लाकूड हातात घेऊन पाहावे. आकाराच्या मानाने जड लाकूड लवकर बुडते. नखाने दाबल्यावर दबणारा भाग कुजलेला असतो. वास मातीचा किंवा काहीच नसावा. रॉकेल, वार्निश किंवा आंबूस वास आला तर ते परत ठेवावे. छिद्रांतून पिवळसर भुकटी पडत असेल तर आत भुंग्याची अळी आहे. रंग चढवून किंवा चकाकी देऊन विकलेले लाकूड घेऊ नये. टाकीच्या आतल्या रुंदीपेक्षा ते निदान चार-पाच सेंटीमीटर कमी असावे, आणि याचे कारण पुढे येते.

तयारीची सुरुवात कोरडी असते. उरलेली साल कोयत्याच्या टोकाने किंवा जाड चाकूने काढावी, कारण सालीखालीच कीटक आणि बुरशी राहतात आणि पाण्यात साल सुटून गाळ होतो. खोडाच्या बाहेरच्या बाजूचे पांढुरके, मऊ लाकूड शक्य तितके खरवडून टाकावे; आतला गडद गाभा जास्त टिकतो. पितळी किंवा तांब्याच्या तारांचा ब्रश वापरू नये, त्याचे कण लाकडात अडकतात. नायलॉनचा कडक ब्रश आणि खाचांसाठी जुना टूथब्रश पुरतो. साबण किंवा डिटर्जंट मुळीच वापरू नये. लाकूड ते शोषते आणि नंतर पाण्यात फेसासह परत देते.

बागेतून आणलेले लाकूड वाळवणे हे कोकण किनाऱ्यावर ऋतूवर अवलंबून असते. जून ते सप्टेंबर या काळात नवी मुंबईच्या दमट हवेत लाकूड वाळत नाही, उलट गॅलरीत ठेवलेल्या तुकड्यावर बुरशी चढते. ऑक्टोबरच्या उन्हापासून मे महिन्यापर्यंतचा काळ या कामाचा. विकतच्या लाकडाला ही पायरी बहुधा लागत नाही.

पुढची पायरी भिजवण्याची, आणि तिथे थोडे विज्ञान उपयोगी पडते. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यापेक्षा सुमारे दीडपट घन असतात. लाकूड तरंगते ते पेशींच्या पोकळीत अडकलेल्या हवेमुळे. भिंती ओल्या होण्यासाठी लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी लागते, पण त्याने लाकूड बुडत नाही. पोकळ्यांतली हवा बाहेर जाऊन तिथे पाणी शिरल्यावरच ते तळाला बसते. बारीक फाट्यांच्या लाकडात हे काही दिवसांत होते. जाड, हलक्या खोडात महिना-दोन महिनेही लागतात.

भिजवण्यासाठी अन्नासाठी वापरलेले स्वच्छ प्लास्टिकचे पिंप किंवा मोठा टब घ्यावा. लाकूड पूर्ण बुडेल असे वर दगड ठेवून दाबावे. पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलावे. यामुळे टॅनिन लवकर निघते, आणि नवी मुंबईत याला आरोग्याचेही कारण आहे. गॅलरीत किंवा गच्चीवर आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंड्यापासून पूर्ण डासापर्यंत वाढू शकतात. पिंपाला झाकण किंवा बारीक जाळी असावी आणि पाणी बदलताना पिंपाचा आतला भाग घासावा, कारण डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्या अवस्थेतही तग धरतात.

उकळणे हा भिजवण्याला जोड देणारा मार्ग आहे. उकळत्या पाण्यात एक-दोन तास ठेवल्याने कीटक, गोगलगायींची अंडी, शेवाळ आणि बुरशीचे तंतू मरतात. हवा बाहेर पडते आणि टॅनिन वेगाने सुटते. पाणी गडद झाले की ओतून नवे घ्यावे. मात्र तासन्‌तास, दिवसामागून दिवस उकळत राहिल्यास लाकडाला बांधून ठेवणारे घटक सुटू लागतात, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि लाकूड लवकर कुजते. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाच्या कढईत टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन लाकडावर काळे डाग पडतात. मोठे लाकूड भांड्यात मावत नसेल तर ते पिंपात ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि हे काही दिवस पुन्हा पुन्हा करावे. ओव्हनमध्ये लाकूड भाजल्याने आग लागण्याचा धोका असतो आणि मायक्रोवेव्हमध्ये ओले लाकूड आतून तापून फुटते; दोन्ही करू नयेत.

ब्लीचने निर्जंतुक करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो दगडासाठी ठीक आहे. सच्छिद्र लाकडात शिरलेले क्लोरीन बाहेर काढणे कठीण असते, आणि उकळणे शक्य असताना त्याची गरजही पडत नाही. मीठ घालून उकळण्याची पद्धत चालते, पण त्यानंतर साध्या पाण्यात निदान आठवडाभर लाकूड भिजवावे लागते. शेवटच्या भिजवणीचे पाणी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करून घ्यावे.

लाकूड भिजूनही तरंगत असेल तर त्याला दगडी पाया जोडतात. इथे एक चूक नेहमी होते. घराच्या कामातून उरलेली शहाबादी फरशी किंवा कडाप्पा हाताशी असतो आणि सपाट असल्याने सोयीचा वाटतो. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात, कठीणपणा आणि पीएच वाढवतात, आणि लाकूड जे साधू पाहते त्याच्या उलट काम करतात. ग्रॅनाइटच्या ओट्याचा उरलेला तुकडा किंवा सह्याद्रीचा काळा पाषाण यांचा पाण्यावर असा परिणाम होत नाही. शंका असेल तर दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड टाकीत नको. फेस आला नाही तरी दगड चुन्याचा नाहीच असे मानू नये, कारण सौम्य आम्लात काही दगडांवर बुडबुडे फार थोडे येतात. तो आठवडाभर बादलीत ठेवून पाण्याचा केएच आधी आणि नंतर मोजावा. दगडाला भोक पाडून खालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लाकडात बसवावा. साध्या लोखंडी खिळ्याला गंज चढतो आणि पितळी स्क्रू कोळंब्यांना घातक ठरू शकतो.

लाकूड टाकीत कसे बसवायचे, यात सुरक्षेचा एक मुद्दा आहे. कोरडे लाकूड पाण्यात फुगते, आणि तंतूंच्या लांबीच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने कितीतरी जास्त फुगते. दोन काचांमध्ये घट्ट बसवलेला कोरडा ओंडका काही दिवसांत काचेवर इतका दाब आणू शकतो की सांधा सुटतो किंवा काच तडकते. मघाशी सांगितलेले चार-पाच सेंटीमीटर यासाठीच मोकळे ठेवायचे. जड लाकूड थेट तळकाचेवर न ठेवता खाली वाळूचा किंवा जाळीचा थर द्यावा, म्हणजे एकाच टोकावर सगळे वजन येत नाही.

तयार लाकूड टाकीत गेल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यावर पांढरा, बुळबुळीत, कापसासारखा थर येतो. नवशिक्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी हीच गोष्ट, आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. लाकडातून सुटणाऱ्या साखरेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. साखर संपली की दोन ते चार आठवड्यांत थर आपोआप जातो. कोळंब्या आणि गोगलगायी तो खाऊन टाकतात. हवे तर लाकूड बाहेर काढून घासावे. स्पायडर वुडवर हा थर विशेष दाट येतो. थर राखाडी-काळा झाला आणि सडलेल्या अंड्याचा वास येऊ लागला तर गोष्ट वेगळी. आतला भाग प्राणवायूविना कुजतो आहे आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होते आहे. असे लाकूड त्याच दिवशी बाहेर काढावे आणि निम्मे पाणी बदलावे.

या काळात प्राणवायूकडेही लक्ष हवे. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांवर तो 7.6 मिलिग्रॅमवर येतो. एप्रिल-मे महिन्यांत नवी मुंबईतल्या एसी नसलेल्या खोलीत टाकीचे पाणी सहज 30 अंशांपुढे जाते. त्याच वेळी नव्या लाकडावरचे जिवाणूही प्राणवायू वापरत असतात. उन्हाळ्यात लाकूड घातल्यास पहिला महिना एअर पंप दिवसरात्र चालू ठेवावा आणि मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत आहेत का, हे पाहावे. पहाटेच पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो.

पाण्याचा रंग आवडत नसेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवल्यास तो कमी होतो. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलल्यासही काही महिन्यांत तो फिका पडतो. ज्यांना तोच रंग हवा असतो, ते देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत घालतात. नवी मुंबईच्या सेक्टरांमधल्या रस्त्यांवर ही झाडे भरपूर आहेत. पाने स्वतः गळून पूर्ण तपकिरी झालेली आणि वाहनांच्या धुरापासून दूरची घ्यावीत. मृदू पाण्याच्या टाकीत पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा पीएच मोजावा. तो सहाच्या खाली जाऊ लागला तर फिल्टरमध्ये थोडा शंखशिंपल्यांचा चुरा ठेवून केएच सावरता येतो.

चांगले कठीण लाकूड पाण्यात अनेक वर्षे टिकते. मऊ लाकूड दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होते, फाटे तुटतात आणि टाकीच्या तळाशी तपकिरी भुकटी साचते. लाकूड बदलण्याची वेळ आल्यावर मात्र ते एकदम काढू नये. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावर अमोनिया आणि नायट्राइट निकामी करणारे जिवाणू वसलेले असतात, आणि छोट्या टाकीत ते एकदम गेल्यास माशांवर परिणाम होतो. तयार केलेले नवे लाकूड जुन्याच्या शेजारी तीन-चार आठवडे ठेवावे, मग जुने काढावे आणि पुढचे दोन आठवडे अमोनियाची चाचणी एक दिवसाआड करावी. जुन्या लाकडावरची अनुबियास किंवा फर्न सोडवताना मुळे न ओढता लाकडाचा पातळ ढलपा तसाच त्यांना चिकटलेला ठेवला, तर ती नव्या लाकडावर लवकर धरतात.